नागरी आणि राजकीय हक्कांचा साध्या माणसाला नक्की उपयोग काय?

निवांत_वाचक
काल ऑफिसात यावरून चांगलीच जुंपली म्हणून इथे विचारतोय. मी ना मोर्चाला जातो ना फेसबुकवर राजकीय काही टाकतो, निवडणूक आली की मत देतो आणि आपण बरं आपलं काम बरं. मग हे भाषणस्वातंत्र्य, सभा, संघटना वगैरे माझ्या काय कामाचं? आधी नोकरी, दवाखाना, शाळा नीट होऊ दे, हक्कांचं नंतर बघू, असं म्हटलं तर बिघडलं कुठे? भांडायला नाही आलो, खरंच समजून घ्यायचंय.

उंबरठा
"हक्कांचं नंतर बघू" हे चीनमध्ये करून झालंय की. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात तिथे कोट्यवधी माणसं गेली. खालचे अधिकारी पिकाचे आकडे फुगवून वर कळवायचे, त्या आकड्यांवर सरकार गावातून धान्य उचलायचं, आणि गावात दाणा नाही हे छापणारा पेपर नाही की जाब विचारणारा विरोधी पक्ष नाही. संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी १९५९ मध्ये माओंना पत्र लिहून शंका काढली तर त्यांचंच पद गेलं, मग तलाठ्याच्या पातळीवरचा माणूस कशाला तोंड उघडतोय! अमर्त्य सेन हेच सांगतात, निवडणुका आणि मोकळी वृत्तपत्रं असलेल्या देशात मोठा दुष्काळी मृत्युकांड झालेला नाही. अर्थात कुपोषण मात्र लोकशाहीतही वर्षानुवर्षं चालू राहतं, तेही सेनच सांगतात, कारण त्याची हेडलाइन होत नाही.

कलमबहाद्दर
मोर्चाला जात नाही ठीक आहे, पण अटक व्हायला मोर्चाला जावंच लागतं असं थोडीच आहे, नावात घोळ झाला तरी पुरतो. १९६६ चा नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार वाचा, मतदान येतं पार २५ व्या कलमात. त्याच्या कितीतरी आधी ९ वं कलम, म्हणजे अटकेचं कारण सांगा, लवकर न्यायाधीशापुढे उभं करा, अटक बेकायदा निघाली तर भरपाई द्या. १४ व्यात तर कोर्टाची भाषा कळत नसेल तर दुभाषा फुकट. यातलं एकही पुढाऱ्यांसाठी नाहीये.
आणि हे काढून घेतलं की काय होतं ते बघायचं तर आणीबाणीतला १९७६ चा हेबियस कॉर्पसचा खटला, म्हणजे अटक कायदेशीर आहे का ते कोर्टाने तपासावं या मागणीचा. न्या. खन्नांनी सरकारी बाजूला सरळ विचारलं, पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला मारलं तर दाद मागता येईल का? उत्तर आलं, आणीबाणी असेपर्यंत नाही. तरी निकाल ४ विरुद्ध १ ने सरकारच्या बाजूने! तो एक म्हणजे खन्ना.

खडूस_काका
कागदावर काय हो, सगळंच असतं. उत्तर कोरियाने पण हा करार १९८१ मध्ये स्वीकारलाय, आता बोला.

कलमबहाद्दर
काका मुद्दा बरोबर, पण पुढचं पण सांगा ना. १९९७ मध्ये त्यांनी बाहेर पडतो म्हणून कळवलं आणि संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं की या करारात बाहेर पडायची तरतूदच नाही. कागद इतका बिनकामाचा असता तर बाहेर पडायची खटपट कशाला केली असती? तिथल्या लोकांना त्याचा फायदा झाला असं मी म्हणत नाहीये, कोर्ट आणि पेपर मोकळे नसतील तर कलमं नुसती पडून राहतात.

निवांत_वाचक
अटकेचा मुद्दा पटला, तो अँगल डोक्यातच नव्हता. पण मग युद्ध, साथ वगैरे असेल तेव्हा सरकारने करायचं काय? तेव्हा तर हात मोकळे लागतातच ना.

उंबरठा
लागतात, आणि करारात ४ थं कलम त्यासाठीच आहे. राष्ट्राच्या जिवावर बेतलं तर आणीबाणी जाहीर करून काही हक्क गरजेपुरते थांबवता येतात आणि ते इतर देशांना कळवावं लागतं. पण छळ, गुलामगिरी, मनमानी हत्या यांना तेव्हाही परवानगी नाही, आणि विचार-श्रद्धेच्या स्वातंत्र्याला हात लावता येत नाही. खरी मारामारी "गरजेपुरते" वर होते, गरज संपली हे ठरवणार कोण? ऑफिसात पुन्हा जुंपली तर हे विचारा.