टिपूर की पिठूर? (कुइंजीचं चांदणं)

रेघोटी: रशियन चित्रकार आर्खिप कुइंजीच्या 'नीपरवरची चांदणरात' या नदीच्या चित्रावर लिहिते आहे. 'पिठूर चांदणं' लिहिलं होतं, संपादकांनी 'टिपूर' केलं. म्हणाले, अर्थ एकच. मला पटत नाही. चित्र बहुतेक काळोखाचं, ढगांच्या फटीत चंद्र, खाली नदीचा पट्टा हिरवट झळाळतो, काठच्या खोपटात तांबूस उजेड मिणमिणतो. कोणता शब्द बसेल?

पाटीपेन्सिल: अर्थ एक नाहीच. पिठूर म्हणजे पांढुरकं, सगळीकडे सारखं पसरलेलं. टिपूर म्हणजे लख्ख. अंगणात सांडलेले दाणे टिपता येतात ते टिपूर, असं आमची आजी सांगायची.

उंबरठा: दाण्यांची व्युत्पत्ती गोड आहे, पण आधार काय? टिपूर ऊन किंवा टिपूर दिवा कोणी म्हणत नाही. शब्द एकाच नामाला चिकटला की मूळ अंदाजानेच सांगतात.

पाटीपेन्सिल: दाणे वेचणाऱ्या बाईचा अंदाज मला पुरतो.

गेरू: आधी चित्र बघा. १८८० साली पीटर्सबर्गला हे एकच चित्र पडदे ओढलेल्या दालनात, दिव्याच्या झोतात मांडलं होतं. मागे दिवा लपवलाय का म्हणून लोक डोकावत. टिपूर आणि पिठूर हे दोन्ही जमिनीवर पडलेल्या चांदण्याचे शब्द. इथे उजेड आतून येतो. आणखी एक, कुइंजीचे डांबरयुक्त रंग पुढे काळवंडले. तेव्हाची रात्र आजच्यापेक्षा उजळ असणार. रेघोटीताई, वर्णन कोणत्या रात्रीचं करताय?

रेघोटी: आज दिसते तिचं. पण तुमच्या प्रश्नाने काम वाढलं. हाताशी 'नॉक्टर्न'चाही, म्हणजे रात्रीच्या चित्राला काय म्हणायचं याचाही, प्रश्न आहे. 'निशाचित्र' लिहू का?

उंबरठा: जरूर लिहा. मराठीत शब्द घडतो तेव्हा उसना कशाला?

गेरू: 'निशाचित्र' कोणत्या चित्रकाराच्या तोंडी ऐकलंत? चित्रकार व्हिसलरसुद्धा आपल्या थेम्स नदीच्या रात्रीच्या चित्रांना आधी मूनलाइटच म्हणायचा. नॉक्टर्न हे संगीतातलं नाव त्याला लेलंड या त्याच्या आश्रयदात्याने सुचवलं, आणि ते त्याला इतकं आवडलं की त्याने तेच धरलं. तिथेही शब्द उसनाच. नॉक्टर्न ठेवा.

उंबरठा: त्याने संगीतातून घेतला, पण आपल्या भाषेतल्या रूढ शब्दांतून घेतला. तसं असेल तर आपणही रागदारीकडे जाऊ. मारव्याची चित्रं, मालकंसाची चित्रं.

गेरू: मारवा सूर्यास्ताचा. त्यात चंद्र कुठून आणणार?

माळरान: चंद्र हवाच कशाला? आमच्याकडे मराठवाड्यात अवसेलाही 'चांदणं पडलंय' म्हणतात, ताऱ्यांचं.

पाटीपेन्सिल: ते चांदण्या. चांदणं चंद्राचंच.

माळरान: गच्चीवर झोपून मोठे झालो. आई म्हणायची, 'बघ किती चांदणं आहे,' आणि चंद्र नसायचा.

उंबरठा: बोलीत चालेल, पण छापील लेखात वाचक चंद्र शोधेल.

माळरान: छापील मराठी आमच्या गच्चीवर कधी आलीच नाही, म्हणून तिला ठाऊक नाही. अजून कोणाकडे असं म्हणतात का? विदर्भातल्यांनी सांगा.