अनुभव धागा: मलेशियातली कोपऱ्यावरची खाणावळ

मलेशियात राहणारे, राहून गेलेले आणि कामासाठी वरचेवर जाणारे, सगळ्यांसाठी हा धागा. जुळ्या मनोऱ्यांजवळची महागडी हॉटेलं नकोत. इमारतीखालची, ऑफिसमागची, प्लास्टिकच्या खुर्च्यांची जागा हवी. काय मागवता, कसं मागवता, काय घशाखाली उतरलं नाही, सगळं लिहा. शाकाहारींनी तर लिहाच, नवीन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. सुरुवात मी करते.

सुबांग जया
क्वालालंपूरला लागून असलेल्या आमच्या या उपनगरात कोपऱ्यावर मामक आहे, म्हणजे तमिळ मुस्लिमांचं हॉटेल, चोवीस तास उघडं. हलाल असल्यामुळे ऑफिसातले मलय, चिनी, तमिळ आणि मी एका टेबलावर बसू शकतो, म्हणून सगळ्या पार्ट्या इथेच. वाढणाऱ्याला ‘अण्णे’ किंवा ‘बॉस’ म्हणायचं.

सकाळी रोटी चनाई. मैद्याचा तेलकट गोळा हवेत फिरवून पातळ करतात, घडी घालून तव्यावर टाकतात आणि उतरवल्यावर दोन्ही हातांनी टाळी वाजवावी तशी दाबतात, की पदर सुटतात. साधी हवी तर ‘कोसोंग’, अंड्याची ‘तेलुर’, केळ्याची ‘पिसांग’. सोबत डाळ आणि रस्सा. साधी रोटी साधारण दीड-दोन रिंगिटला.

खरी परीक्षा चहाची. ‘तेह’ म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क आलंच, आणि ते भयंकर गोड. ‘कुरांग मानिस’ म्हणा, गोड कमी होतं. बिनदुधाचा ‘तेह ओ’, साखरही नको तर ‘तेह ओ कोसोंग’. ‘तेह सी’मध्ये इव्हॅपोरेटेड मिल्क असतं, आपल्या जिभेला तोच जवळचा, माझं ठाम मत. तेह तारिक उंचावरून ओतून फेस आणतात, बघायला मजा येते. नासी लेमाक (नारळाच्या दुधातला भात), रोटी चनाई आणि तेह तारिकची ही नाश्त्याची संस्कृती २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आमच्या अण्णेला त्याचं काहीही पडलेलं नाही.

पेनांग
क्वालालंपूरवाल्यांनी मामकचं कौतुक जरूर करावं, पण नासी कांदार खायला इकडे यावं. पूर्वी फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन भात-कालवण विकायचे, त्याची ही दुकानं झाली. कॅम्पबेल स्ट्रीटचं हमीदिया १९०७ पासून आहे. भातावर कोंबडी, मासा, भेंडी जे हवं ते बोटाने दाखवायचं आणि शेवटी ‘बांजिर’ म्हणायचं, की चार-पाच रस्से एकत्र ओतून भात बुडवतात. वेगवेगळे मागून बघितले, मजा नाही. सगळी चव त्या मिसळण्यात आहे. मोठी कोळंबी किंवा माखूलची अंडी घेणार असाल तर आधी भाव विचारा, ताटाची किंमत तिथेच उडी मारते.

ब्रिकफील्ड्स
मी शुद्ध शाकाहारी, म्हणून सविस्तर लिहिते. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. सांबालमध्ये, म्हणजे इथल्या मिरचीच्या चटणीत, बहुतेक वेळा बेलाचान (खारवलेल्या कोळंबीचा गोळा) असतं, पालेभाजी परततानाही सुकी कोळंबी घालतात. मामककडे डाळ मागितली तर ‘दालचा’ येऊ शकतो, त्यात मटणाची हाडं शिजलेली असतात. दर वेळी विचारायचं, लाजायचं नाही.

दोन सोयी आहेत. एक, क्वालालंपूरमधल्या आमच्या या भागातली केळीच्या पानावरची तमिळ जेवणं: भात, दोन-तीन भाज्या, रसम, पापड, आणि भात-भाजी पुन्हा पुन्हा वाढतात. जेवण झालं की पान आपल्या बाजूला दुमडायचं. दुसरी, चिनी बौद्धांची शाकाहारी दुकानं. तिथे बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. जैन मैत्रिणीला तिकडेच नेते, फक्त अंड्याचं विचारून घ्यायला सांगते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक चिनी लोक शाकाहार करतात, त्या दिवशी ही दुकानं तुडुंब असतात. सोया-ग्लूटेनचं खोटं बदक मात्र मला अजूनही जमत नाही.

जोहोर बाहरू (मूळ मालवण)
ब्रिकफील्ड्सच्या ताई, तुम्ही ज्याला घाबरता त्या बेलाचानसाठी मी जातो! तो आपला जवळाच: त्याच जातीची बारीक कोळंबी, मिठात मुरवून वाळवलेली. नासी लेमाकमध्ये नारळाच्या दुधात पांदानचं पान घालून शिजवलेला भात, वर तिखट-गोड सांबाल, तळलेले सुके मासे, शेंगदाणे, काकडी, अंडं. सकाळी केळीच्या पानात बांधलेल्या पुड्या मिळतात, मलय बायका टेबल मांडून विकतात. मी त्यांना ‘काक’ (म्हणजे ताई) म्हणतो, त्या मला आपणहून सांबाल जास्त देतात. बायको घरात वास नको म्हणते, म्हणून गाडीतच खातो.

इपोह
कोपितियाम, म्हणजे कॉफीचं दुकान, कुणीच लिहिलं नाही? चिनी मालकाचं दुकान, आत वेगवेगळे गाडे भाड्याने. खाणं गाड्यावर सांगायचं, पेय मात्र मालकाकडूनच घ्यायचं. नुसतं खाऊन उठलात तर कपाळाला आठ्या. काया टोस्ट (नारळाचं दूध, अंडी, साखर यांचा मुरंबा), सोबत अर्धकच्ची अंडी, त्यात सोया सॉस आणि पांढरी मिरपूड. पहिल्यांदा बघून कसंतरी होतं. चार क्वे तियाव (तांदळाच्या चपट्या नूडल्स) बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात, न खाणाऱ्यांनी विचारा.

मलाक्का
चेंडोल. बर्फ, नारळाचं दूध, पांदानच्या हिरव्या शेवया, वर माडाचा काळा गूळ. दुपारी दोन वाजता. अजून काय लिहू?

सुबांग जया
दोघांनी रमजानचं विचारलंय. मलय हॉटेलं दिवसा बहुतेक बंद असतात. चिनी आणि केळीच्या पानवाली चालू असतात, तेव्हा उपाशी कुणी राहत नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास मामकमध्ये जाऊ नका: सगळी टेबलं भरलेली, समोर थंड सरबत आणि ताट, अजानची वाट बघत बसलेले लोक. तासाभराने जा, जागा मिळते. फुटबॉलची मॅच असेल तर तेव्हाही मिळणार नाही.