बासच्या पिकअपचा खड्डा: बेअरिंग टेम्प्लेटला टेकतच नाही

खर्जातला_लातूरकर:
चार तारांचा बास (खर्जातली गिटार) करायलोय, 34 इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी). बॉडी जुन्या वाड्याच्या माळवदातून निघालेल्या सागवानी तुळईची, जाडी 45 मिमी. दोन जॅझ पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग, जॅझ हा त्यांचा एक प्रकार) बसवायचेत, त्यांचे खड्डे राउटरनं (फिरत्या पात्यानं लाकूड कोरणारं यंत्र) काढायचेत. टेम्प्लेट (खड्ड्याच्या आकाराचा साचा) 6 मिमी प्लायवूडचं. बिट अर्ध्या इंचाचं, वर बेअरिंग (साच्याच्या कडेला टेकून फिरणारी चकती), पात्याची लांबी 25 मिमी. रद्दी फळीवर चालवलं तर पहिल्याच फेरीत टेम्प्लेटची कड खाल्ली. एकदम खोल उतरवावं तर राउटर हातात उड्या मारतो. खड्डा किती खोल ठेवू तेही सांगा, पिकअपसोबत मापाचा कागद आलेला नाही.

भुसाच_भुसा:
भाऊ, हात चुकला नाही, हिशेब चुकला. पातं 25, टेम्प्लेट 6. बेअरिंग टेम्प्लेटला टेकायला बिटचं टोक लाकडात 19 मिमीच्या खाली गेलं पाहिजे. एवढा घास एका फेरीत घेतला की उड्या मारणारच. कमी उतरवलं तर बेअरिंग हवेत आणि पातं टेम्प्लेटवर.

10-12 मिमी पात्याचं आखूड बिट घ्या, टेम्प्लेट 12 मिमी एमडीएफचं करा. फेरीला 3-4 मिमी, बस. खड्डा 13 मिमी झाला की टेम्प्लेट काढा. पुढं बेअरिंग खड्ड्याच्याच भिंतीवर चालतं. त्याआधी आतला माल फोर्स्टनर बिटनं (सपाट तळाचं भोक पाडणारं ड्रिल) काढून टाका, तळाशी 2 मिमी राखून, म्हणजे राउटरला फक्त कड साफ करायची उरते. आतल्या कडेनं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवा. उलटं फिरवलं की बिट लाकूड धरून पुढं पळतं.

खोली: गळा आणि ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायचा भाग) बसवून नटपासून (गळ्याच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत दोरा ताणा, शेवटच्या फ्रेटवर (गळ्यावरची आडवी धातूची पट्टी) दाबा. पिकअपच्या जागी दोऱ्यापासून बॉडीपर्यंतच्या उंचीतून 3 मिमी वजा करा. तेवढा पिकअप वर दिसेल. समजा 8 आले, पिकअपची उंची कॅलिपरवर 24 भरली, पिकअपखाली दाबलेला फोम 3: 24 − 8 + 3 = 19. खाली 26 मिमी लाकूड राहतं, काळजी नाही. दोन्ही पिकअपसाठी वेगवेगळं मोजा.

पटाशीवाला:
तुळईचं लाकूड आहे ना? आधी चुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा कार्बाइडचं टोक उडवायला पुरेसा आहे. सागात सिलिका असते, धार तशीही लवकर जाते; लाकूड काळं पडायला लागलं की बिट बदला.

दोन्ही खड्ड्यांना एकच टेम्प्लेट वापरू नका. बऱ्याच जॅझ सेटमध्ये ब्रिजकडचा पिकअप साधारण 3 मिमी लांब असतो. आणि अर्ध्या इंचाचं बिट कोपऱ्यात 6.35 मिमीची गोलाई सोडतं. पिकअपच्या बाजूंना स्क्रूसाठी बाहेर आलेल्या कानांच्या खाचेत ते जाणारच नाही. कान 6 मिमी बिटनं काढा, उरलेलं पटाशीनं. मध्यरेषा बॉडीच्या कडेवरून मोजू नका. पहिल्या आणि चौथ्या तारेच्या जागी दोरे ताणून त्यांच्या मधोमध आखा.

खर्जातला_लातूरकर:
आखूड बिट मागवतो. अजून एक, दुतर्फी टेप लावला तरी टेम्प्लेट सरकायलंय.

भुसाच_भुसा:
मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्या टेपचा गोंद मऊ पडतो, त्यात साग तेलकट. जागा थिनरनं पुसून वाळू द्या. लाकडाला एक मास्किंग टेप, टेम्प्लेटच्या खाली दुसरा, मध्ये फेव्हिक्विक. तरी भरवसा नसेल तर टेम्प्लेट लांब ठेवून गळ्याच्या खाचेत आणि कंट्रोल प्लेटखाली झाकल्या जाणाऱ्या जागी स्क्रू मारा. भोकं दिसत नाहीत.

पटाशीवाला:
खरखर अडवायला खड्ड्याला आतून तांब्याची पट्टी लावणार असाल तर खड्डा चारी बाजूंनी अर्धा मिमी मोठा ठेवा. वायरचं भोक लांब 6 मिमी ड्रिलनं गळ्याच्या खाचेतून तिरपं मारा, पुढच्या खड्ड्यातून मागच्यात निघेल. तिथून कंट्रोलच्या खड्ड्यात दुसरं, आणि ब्रिजखाली ग्राउंडच्या (अर्थिंगच्या) वायरचं विसरू नका. सगळं रंगाआधी.