मदत हवी आहे: लॅब फार ओढतो, कोणता पट्टा घ्यावा?

लॅब्राडोर नर, ९ महिने, २७ किलो, गळ्याचा घेर ४५ सेंमी. नाशिकच्या गोदापार्कला नेलं की भटकी कुत्री दिसताच झेप घेतो, घशातून खरखर येते. दुकानदार चोक चेन घ्या म्हणतोय, ऑनलाइन रिमोटचा शॉक पट्टाही दिसतो. दिवाळीत फटाक्यांना बिचकून पट्ट्यातून मान काढेल ही वेगळी धास्ती. काय घेऊ?

सिडकोकर: चोक चेन अजिबात नको. तिला थांबायची जागाच नसते, तो ओढेल तितकी आवळते आणि सगळा दाब श्वासनळीवर. उलटी घातली गेली तर ओढ संपल्यावर सैलही होत नाही. न ओढताही खोकत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

छातीवर कडी असलेला वाय आकाराचा हार्नेस (गळ्याऐवजी छाती-खांद्यावर बसणारा पट्टा) घ्या. लीश (हातात धरायची दोरी) त्या कडीला लावली की ओढताना तो स्वतःच बाजूला वळतो, सरळ जोर लागत नाही. माप पुढच्या पायांच्या मागून, छातीभोवती घ्या. पट्टी काखेपासून दोन-तीन बोटं मागे राहू द्या, नाहीतर काख सोलवटते.

म्हसरूळ_वॉकर: शॉकचं म्हणाल तर घोळ असा: समोर कुत्रं दिसलं, त्याच क्षणी झटका बसला, तर तुमचा लॅब दुखण्याचा संबंध त्या कुत्र्याशी जोडतो. आज नुसती झेप, उद्या चावा. नाशकात तर गल्लीगल्लीत कुत्री. शिवाय शॉक पट्ट्याच्या आतल्या दोन खुंट्या तासन्‌तास एकाच जागी रुतल्या की झटका न देताही कातडीला जखम होते. वेल्समध्ये २०१० पासून त्यावर बंदी आहे.

धागाकर्ता: आणि मान काढून पळण्याचं?

सिडकोकर: त्याला मार्टिंगेल पट्टा: दोन टोकांना कड्या, त्यांतून ओवलेला छोटा फास, लीश त्या फासाला. ओढल्यावर आवळतो, पण ठरावीक मापापर्यंतच. पूर्ण ताणला की दोन बाजूच्या कड्यांत दोन बोटांचं अंतर उरलं पाहिजे. कड्या एकमेकींना टेकल्या तर पट्टा सैल आहे, मान निघणार. बसवा कानामागे, गळ्याच्या वरच्या भागात. फक्त फिरतानाच घाला. घरी तो फास कुठे अडकला किंवा खेळताना दुसऱ्या कुत्र्याचा जबडा त्यात गुंतला तर जिवावर बेतते. दिवाळीच्या दिवसांत दोन हुकांची लीश वापरा: एक हुक हार्नेसला, एक मार्टिंगेलला.

म्हसरूळ_वॉकर: पट्टा धरतो, शिकवत नाही. लीश ताणली की झाडासारखे थांबा, एक शब्द नको. सैल झाली की लगेच वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा, तुमच्या गुडघ्याशी. आधी सोसायटीच्या आवारात, १० मिनिटं पुरे. गोदापार्कला कुत्र्यांपासून इतकं लांब उभे राहा की तो बघेल पण खाणं सोडणार नाही. खाणं नाकारलं म्हणजे फार जवळ गेलात, मागे फिरा. मागे फिरताना लीशला हिसका देऊ नका, एवढा एक मोह सगळ्यांना होतो.

सिडकोकर: साध्या पट्ट्यात दोन बोटं सहज जायला हवीत. अजून वाढतोय, दर आठवड्याला तपासा. पावसाळ्यात ओला नायलॉन काढून वाळवा, आणि काढलाच आहे तर पट्ट्याखालच्या केसांत गोचिडी बघा.