फोल्डर भरलाय, वही कोरी. तुम्हाला रोज सुचतं कुठून?

काजळरेघ:
मंडळी, मी रोज रात्री अर्धा तास काहीतरी चितारत बसते, नोकरी वेगळीच आहे, हे आपलं स्वतःसाठी. पण गेले दोन-तीन महिने डोकं पार ठप्प झालंय. बघायला काही कमी आहे असं नाही हो, फोनात एक फोल्डर केलाय त्यात चित्रं, कपडे, फोटो, पोस्टरं मिळून अकराशेच्या वर गोष्टी साठल्यात आणि वही उघडली की त्यातली एकही आठवत नाही! मागच्या महिन्यात मैत्रिणीबरोबर दोन दिवसांच्या उन्हाळी म्युझिक फेस्टिव्हलला जाऊन आले, म्हटलं तिथे तरी काही सापडेल, तर आणलं काय, स्टेजचे चारशे फोटो, सगळे एकाच छापाचे, निळा लाइट, धूर आणि पुढच्याचा वर धरलेला फोन. तुम्ही लोक कुठून आणता रोजच्या रोज? आणि प्लीज 'निसर्गात जा' सांगू नका, जाऊन आले.

उलटापंखा:
अकराशे? अहो हा फोल्डर नाही, गोदाम आहे :)
फेस्टिव्हलचं मात्र सांगतो, कारण तिथे मीही हेच करायचो. स्टेजचे फोटो काढायला तिथे पासवाले फोटोग्राफर असतात, त्यांच्यासमोर आपला फोन काय टिकणार. स्टेजकडे पाठ करायची. अमेरिकेतल्या १९५८ च्या न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हलवर बर्ट स्टर्न नावाच्या माणसाने फिल्म केलीय, तो मुळात फोटोग्राफर, आणि त्याचा कॅमेरा वाजवणाऱ्यांवरून सारखा प्रेक्षकांवर जातो, टोप्या, गॉगल, नाचणारे, मधेच पाण्यावरच्या शिडाच्या होड्या. मी ती बघितली आणि पुढच्या वेळी दिवसभर फक्त मनगटं टिपली. प्रवेशासाठी मनगटावर बांधतात तो कापडी बँड तिसऱ्या दिवशी बघितलाय का कधी जवळून? कड उसवलेली, रंग घामाने हाताला लागलेला, आणि त्याखाली न रापलेल्या कातडीची पांढरी पट्टी. बिल कनिंगहॅम नावाचा पेपरातला फोटोग्राफर न्यूयॉर्कमध्ये सायकलवर फिरत वर्षानुवर्षं हेच करायचा, रस्त्यावर लोकांनी काय घातलंय त्यातली एकच गोष्ट पकडायची आणि तिचे ढीगभर फोटो पेपरात शेजारी शेजारी लावायचे. स्वतः मात्र कायम तेच कामगारांचं निळं जॅकेट.

दुहेरीटीप:
मी शिवणकामवाली, त्यामुळे माझं उत्तर जरा लांबणार, सांभाळून घ्या. सेव्ह केल्याने काही होत नाही, बनवून बघितल्याने होतं. १९६५ साली फ्रेंच फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँने माँड्रियान या चित्रकाराच्या चित्रांवरून ड्रेस केले ते तुमच्या गोदामात असणारच, पांढरे-लाल-पिवळे-निळे चौकोन आणि मधे काळ्या रेघा. मला कित्येक वर्षं वाटायचं कापडावर छापलंय. छापलेलं नाही! प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा कापून जोडलाय, आणि ड्रेस अंगावर नीट बसावा म्हणून जो आकार द्यावा लागतो तो सगळा त्या रेघांच्या जोडांत लपवलाय, म्हणून अंगावर घातला तरी चित्र सपाटच दिसतं. मी जुन्या चादरीवर करून बघितला, तीन वेळा उसवला, छातीपाशी रेघ अशी वाकडी पळायची की बास. ड्रेस काही झाला नाही पण त्यानंतर महिनाभर मला सगळीकडे जोडच दिसत होते, फरशीत, खिडकीत, पुस्तकाच्या पाठीवर. त्यातूनच दोन बॅगा निघाल्या.

ठोकळा:
मला हे सगळं जरा लाडाचं वाटतं, राग मानू नका. सुचायची वाट कसली बघायची, बसायचं आणि करायचं. मातीस या फ्रेंच चित्रकाराचं १९४१ साली मोठं ऑपरेशन झालं, नंतर ईझलपुढे उभं राहणं अवघड, तर गड्याने रंगवलेले कागद आणि कात्री घेतली आणि बिछान्यात, खुर्चीत बसून कापत सुटला. सुचत नाही म्हणून बसला नाही.

उलटापंखा:
@ठोकळा, अहो तुम्ही तर आमचीच बाजू मांडलीत. अमेरिकेतल्या १९६९ च्या वुडस्टॉक म्युझिक फेस्टिव्हलचं पोस्टर आठवतंय का, लाल कागद, गिटारच्या दांड्यावर पांढरा पक्षी? आर्नोल्ड स्कोलनिकने ते आकार ब्लेडने कागद कापूनच केलेले, आणि मातीसची कात्री त्यात सरळ दिसते. म्हणजे बसून करायचं हे मान्य, पण बसताना कुणाचं तरी काहीतरी डोळ्यात असावंच लागतं.

ठोकळा:
बरं, अर्धं मान्य.

दुहेरीटीप:
नोंद घ्या मंडळी, ठोकळा अर्धा हलला 😄

काजळरेघ:
सगळ्यांना थँक्यू. फोल्डर उडवायचा धीर नाही झाला, खोटं कशाला बोलू. पण काल ते चारशे फोटो शेवटापासून बघत गेले आणि एक चुकून निघालेला सापडला, फोन खाली वळला असणार, कुणाचे तरी दोन पाय, घोट्यापर्यंत चिखल, आणि एका सँडलचा पट्टा तुटलाय तो हातातला बँड कापून त्याने बांधलाय! गाठसुद्धा दिसते. चार वेळा काढला. गाठ जमली, पाय बरे आलेत, चिखल मात्र नुसता तपकिरी गोळा दिसतोय. चिखल काढायचा कसा?

उलटापंखा:
तपकिरी बाजूला ठेवा. फोटोत त्या वेळचं आकाश कसं होतं?

काजळरेघ:
आकाश नाहीये हो फोटोत, खाली वळलेला आहे ना. थांबा, डाव्या पायाशी डबकं आहे, त्यात कडेला गुलाबीसर काहीतरी दिसतंय.

उलटापंखा:
तेच आधी काढा.