"माऊस आहे ना!" म्हणणाऱ्यांसाठी: नवख्यांना कमांड लाइन शिकवायची की नाही?

धुऱ्यावरचा

कालच्या एका पोस्टमधलं वाक्य डोक्यातून जात नाही: "गावातल्या नवख्या माणसाला काळ्या पडद्यासमोर बसवणं म्हणजे ट्रॅक्टर दारात उभा असताना त्याला औत धरायला लावणं. माऊस आहे ना!" खाली अंगठ्यांची रास. (काळा पडदा म्हणजे टर्मिनल: माऊसऐवजी टाइप केलेल्या हुकमांनी, म्हणजे कमांडींनी, यंत्र चालवायची खिडकी. हीच कमांड लाइन.)

उपमा झकास, फक्त उलटी बसते. तीनशे स्कॅन केलेल्या सातबाऱ्यांची नावं राइट क्लिक करून एकेक बदलायची, हे औत. टर्मिनल हा ट्रॅक्टर. तो उलटतो हेही खरं, म्हणून तर शिकवायचा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या डेस्कटॉपवर ११ चढत नाही, त्यावर विंडोजऐवजी मिंट किंवा उबुंटू (लिनक्सच्या दोन तऱ्हा) टाकून ते अभ्यासिकांत, वाचनालयांत वापरता येतात. तिथे बसणाऱ्याला कधी ना कधी टर्मिनल उघडावंच लागतं. मग पहिल्या तासाला काय सांगायचं, एवढाच प्रश्न उरतो.

(कमांडी इथे देवनागरीत लिहितोय. यंत्रावर त्या इंग्रजी अक्षरांत, छोट्या लिपीत.)

कंट्रोल-ऑल्ट-टी. खिडकी उघडली की पहिली कमांड पीडब्ल्यूडी. हसून घ्या. हे पीडब्ल्यूडी निदान रस्ता तरी सांगतं. मग एलएस (फोल्डरात काय आहे ते दाखवते), मग सीडी (दुसऱ्या फोल्डरात नेते). पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, समजवायला जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर हे पुरतं. स्लॅशने सुरुवात झाली तर जिल्ह्यापासूनचा पूर्ण पत्ता, नाहीतर आपण उभे आहोत त्या धुऱ्यापासून पुढचा. दोन टिंबं म्हणजे गावातून तालुक्याला. आणि कुठलंही नाव शेवटपर्यंत टाइप करू द्यायचं नाही. तीन अक्षरं, मग टॅब. टॅबने नाव पुरं केलं नाही तर एकतर तुम्ही भलत्या फोल्डरात आहात, किंवा डाउनलोड्सचा डी छोटा काढलाय, किंवा तशाच सुरुवातीची दोन नावं आहेत (टॅब दोनदा दाबा, दोन्ही दिसतील). चूक एंटरच्या आधी कळते, हा टॅबचा खरा फायदा.

नवखा माणूस काळ्या रंगाला भीत नाही, शांततेला भितो. सीपी (कॉपीची कमांड) लिहिलं, एंटर मारलं, फाइल गेली, आणि यंत्र तोंडातून शब्द काढत नाही. "झालं" अशी पेटी यायची सवय असते, म्हणून तो तीच कमांड पुन्हा मारतो. पहिले आठ दिवस सीपी आणि एमव्हीला (ही फाइल हलवते, नाव बदलते) -व्ही लावून द्या, म्हणजे ते बोलतात. सुडोचा (यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने कमांड चालवायची तर हा आधी लावतात) पासवर्ड टाकताना तर टिंबसुद्धा उमटत नाही. लोकांना वाटतं कीबोर्ड बिघडला. हे आधीच सांगून ठेवायचं.

रफार

मिंटवर तारे उमटतात. तिथे पीडब्ल्यूफीडबॅक (पासवर्डच्या जागी तारे दाखवायची सोय) आधीपासून चालू असतं. मिंट आणि उबुंटू एका दमात घेऊ नका.

धुऱ्यावरचा

मान्य. जुन्या उबुंटूपुरतं वाचा.

सेतूवाला

ती पोस्ट माझीच. उत्तर देतो.

माणूस संगणकाशी येतो कशाला? फॉर्म भरायला. बँक भरतीच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, नाहीतर अपलोड होत नाही. शेवटच्या तारखेला रांग लागलेली असते, आणि तुम्ही त्याला जिल्हा-तालुका-गाव सांगत बसणार?

वरून तुमचं टर्मिनल दगाबाज. जन्मभर कंट्रोल-सी म्हणजे कॉपी. इथे कंट्रोल-सी दाबलं की चालू काम ठार. कंट्रोल-एस म्हणजे सेव्ह. इथे पडदा गोठतो, माणूस बटण दाबून यंत्रच बंद करतो. शिकलेलं विसरायला लावणारं शिक्षण कुठलं हे?

धुऱ्यावरचा

गोठला तर कंट्रोल-क्यू, पडदा सुटतो. कॉपीला कंट्रोल-शिफ्ट-सी, पेस्टला कंट्रोल-शिफ्ट-व्ही. कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, संपला विषय.

आणि केबीचं उदाहरण देऊन तुम्ही माझंच काम केलंत. चाळीस पोरांचे चाळीस फोटो एका फोल्डरात ठेवा. आत 'लहान' नावाचा रिकामा फोल्डर करा. मग मोग्रिफाय -पाथ लहान -रिसाइझ ४००एक्स *.जेपीजी. मोग्रिफाय फोटोंचा आकार बदलते, आणि तारांकन म्हणजे 'जेपीजीने संपणारं कुठलंही नाव'. फोटो चारशे पिक्सेल रुंदीचे होऊन 'लहान'मध्ये जातात, मूळ जागच्या जागी. -पाथ विसरलात तर मूळ फोटोंवरच लिहिलं जातं आणि परत मिळत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. नंतर 'लहान'मध्ये जाऊन जेपीईजीऑप्टिम --साइज=४५के *.जेपीजी, ही केबी घटवते. हा क्रम बदलू नका. मोबाइलचा चार हजार पिक्सेलचा फोटो थेट ४५ केबीवर दाबला तर चेहऱ्याचे चौकोन होतात. शिवाय काही कॅमेरे फाइलच्या शेवटी मोठ्या लिपीत जेपीजी लावतात. तारांकनापुढे छोटी लिपी असली तर ते फोटो गाळले जातात, कुठे ओरड नाही की काही नाही.

माऊसने चाळीस फोटोंना किती चहा लागतात ते तुम्ही सांगा.

वऱ्हाडी ठेचा

हे सारं बराबर हाये भाऊ, पन मुद्द्याचं कोनीच बोलून नाई रायलं. आपल्या इकडं कीबोर्ड मराठीवर ठेवलेला असते. पोट्टं एलएस मारते, पडद्यावर उमटते "ते". सीडी मारते, उमटते "म्". खाली यंत्र म्हनते, "ते" नावाची कमांड सापडली नाई. आता त्यानं काय समजा लागते?

रफार

इनस्क्रिप्टवर (मराठी कीबोर्डची प्रमाण मांडणी) एलच्या कळीवर त, एसवर मात्रा, सीवर म, डीवर हलंत. त्यामुळे हे व्हायचंच. स्लॅशच्या कळीवर य असतो, म्हणजे पाथही लिहिता येत नाही. उबुंटूत उपाय सोपा आहे: कीबोर्ड सेटिंगमध्ये "प्रत्येक खिडकीला वेगळा कीबोर्ड" निवडा. टर्मिनल इंग्रजीवर राहतं, लिहायची खिडकी मराठीवर. अदलाबदलीला सुपर-स्पेस (सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ).

पण खरा घोळ फाइलींच्या नावांत आहे. "ॲप" दोन तऱ्हांनी लिहिता येतं, एकसंध ॲ किंवा अ वर चंद्र. दिसायला सारखे, यंत्राला वेगळे. "सातबाऱ्या"तला अर्धा र तसाच: एकदा ऱ ला हलंत, एकदा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात, आणि एमव्ही म्हणतं अशी फाइलच नाही.

सेतूवाला

म्हणून नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा. विषय खलास.

रफार

का म्हणून? ज्याला मराठी वाचता येतं त्याने स्वतःच्या शेताच्या कागदाला मराठी नाव द्यायचं नाही? यंत्र गावात आणायचं आणि गावाची भाषा वेशीबाहेर ठेवायची. या मानसिकतेनेच

सेतूवाला

झालं, भाषण सुरू. मानसिकता बाजूला ठेवा, हिशोब बघा. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंत. देवनागरीत काना, मात्रा, हलंत धरून दर चिन्हाला ३ बाइट, म्हणजे ८५ चिन्हं. विंडोजवर २५५ चिन्हं चालतात. तिथून "मौजा अमुक तालुका तमुक गट क्रमांक इतका वारस नोंद अर्ज व सोबतची कागदपत्रे" असं, वर सगळ्या वारसांची पूर्ण नावं जोडलेलं लांबलचक नाव आणलं की कॉपी अडते. बघा, मलाही थोडं येतं.

रफार

येतं तर! मग हेही येत असेल की "७/१२" नाव कुठल्याच लिपीत ठेवता येत नाही, कारण स्लॅश नावात चालत नाही. म्हणजे दोष लिपीचा नाही. आणि मराठी नाव टाइप करायचंच कशाला? फाइल धरून टर्मिनलवर आणून सोडा, अवतरणासकट पूर्ण पत्ता आपोआप उमटतो. अर्धा र, चंद्र, सगळं जसंच्या तसं.

अभ्यासिका ताई

रफार, हे ओढून आणण्याचं आधीच सांगितलं असतं तर दहा प्रतिसाद वाचले असते.

आणि कृतीदेव या जुन्या मराठी फॉन्टचं कोणी का बोलत नाही? जुन्या टायपिंगवाल्यांच्या फाइली त्यातच आहेत. दिसायला मराठी, आत रोमन अक्षरांची खिचडी. ग्रेपने (मजकूर शोधायची कमांड) "शेतकरी" शोधलं तर शून्य. त्याहून वाईट म्हणजे कृतीदेवात श लिहिताना आधी एकेरी अवतरणचिन्ह येतं. तो मजकूर टर्मिनलमध्ये पेस्ट केला की अवतरण उघडं राहतं, पुढच्या ओळीला नुसता बाण येतो, आणि माणूस कितीही एंटर मारो, बाणच. यंत्र अडकलेलं नसतं, अवतरण मिटायची वाट बघत असतं. कंट्रोल-सी दाबून बाहेर यायचं. नवख्याला हा बाण पहिल्याच आठवड्यात मुद्दाम दाखवावा. मोबाइलवरून आलेल्या कमांडीतही हेच दुखणं. सरळ अवतरणांची वाकडी होतात, दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ होते, आणि कमांड म्हणते असा पर्यायच नाही.

कापूस क्विंटल

कमांड लाइन सोडा, आधी लाइन तर राहू द्या.

अभ्यासिका ताई

हसण्यावारी नेऊ नका. सामान, म्हणजे सॉफ्टवेअर, बसवताना लाइन गेली की पुढच्या वेळी एपीटी (सामान उतरवून बसवणारी कमांड) हटून बसतं, डीपीकेजी (तिच्या हाताखालची, प्रत्यक्ष बसवणारी) मधेच तुटलं म्हणतं. उपाय त्याच संदेशात लिहिलेला असतो: सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए. संदेश वाचायचा कंटाळा, म्हणून लोक आख्खी सिस्टम पुन्हा टाकतात. मात्र "लॉक मिळत नाही" आलं तर लॉकची फाइल उडवू नका. बहुतेकदा मागे आपोआप अपडेट चालू असतं, दहा मिनिटं थांबा.

नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं असेल तर एपीटी अपडेट फक्त यादी आणतं, अपग्रेड खरं सामान आणतं. नवखा दोन्ही एकच समजतो आणि दिवसाचा डेटा उडवतो. पाच यंत्रं असली तर एकावर उतरवा, व्हार-कॅश-एपीटी-आर्काइव्ह्ज या फोल्डरातल्या डेब फाइली (उतरवलेलं सामान) पेनड्राइव्हवर घ्या, बाकीच्या चारांवर तिथून.

सेतूवाला

तिथे काही सापडणार नाही, ताई. एपीटी काम झाल्यावर उतरवलेल्या फाइली पुसून टाकतं. एपीटी-गेटने उतरवाल तरच राहतील. माऊसवाल्याकडून ऐका हे.

अभ्यासिका ताई

बरोबर आहे. एपीटी-गेट वाचावं.

वऱ्हाडी ठेचा

आता पेनड्राइव्हचं निघालंच हाये त आयका. सीपी संपली, प्रॉम्प्ट आला, पोट्ट्यानं झटक्यात पेनड्राइव्ह उपटला. घरी जाऊन पायते त फाइल शून्य केबी. काहून? लिहाचं काम मांगं चालूच असते. आधी सिंक मारा, प्रॉम्प्ट परत येऊ द्या, मंग काढा. आन पेनड्राइव्ह काढतानी "टार्गेट बिझी" आलं त शिव्या नोका देऊ. आपनच टर्मिनलमंधी त्या पेनड्राइव्हच्या पोटात बसलो असतो. नुसतं सीडी मारून घरी या, मंग निंघते.

धुऱ्यावरचा

मूळ मुद्द्यावर येऊ या का? आरएम, म्हणजे फाइल पुसायची कमांड, पहिल्या महिन्यात शिकवू नये असं माझं मत. पुसायला गिओ ट्रॅश द्या, फाइल कचरापेटीत जाते. आरएमला कचरापेटी नाही.

रफार

गिओ ट्रॅश पेनड्राइव्हवर वापरलं की तिथेच ट्रॅश-१००० नावाचा लपलेला फोल्डर होतो. जागा मोकळी होत नाही, एलएस -ए शिवाय तो दिसतही नाही. आरएम -आय शिकवा, विचारून पुसतं.

धुऱ्यावरचा

आणि मग आरएमलाच आरएम -आयचं टोपणनाव द्या (नुसतं आरएम लिहिलं तरी आरएम -आय चालावं), असंही म्हणाल. त्याने हाताला वाय-एंटर, वाय-एंटरची सवय लागते. दुसऱ्या यंत्रावर ते टोपणनाव नसतं, आणि तिथे कोणी विचारत नाही. त्यापेक्षा आरएमच्या जागी आधी एलएस लिहून बघा, तारांकनात काय काय येतं ते दिसतं. मग वरचा बाण दाबून एलएसचं आरएम करा.

रफार

टोपणनाव द्या असं मी म्हटलेलं नाही. पण एलएसची युक्ती चांगली आहे, नाईलाजाने म्हणतो.

सेतूवाला

तुमचं औत तुम्हाला लखलाभ. फोटोची ओळ तेवढी घेतो, दुकानातल्या एका जुन्या डब्यावर मिंट आहेच. मारली. "मोग्रिफाय सापडत नाही."

धुऱ्यावरचा

सुडो एपीटी इन्स्टॉल इमेजमॅजिक जेपीईजीऑप्टिम. एका ओळीत दोन्ही येतात.

सेतूवाला

आलं. आता म्हणतं "लहान" फोल्डर नाही. तो केलाय, समोर दिसतोय.

अभ्यासिका ताई

पीडब्ल्यूडी मारा. फोटोंच्या फोल्डरात आहात की घरीच?

सेतूवाला

घरी होतो. सीडी केलं. पुन्हा ओळ लिहिली. 'लहान'साठी कीबोर्ड मराठीवर घेतला, नाव लिहिलं, आणि त्यापुढचं -रिसाइझ मराठीतच उमटलं.

वऱ्हाडी ठेचा

😂 सांगतलं होतं ना बावा!

रफार

'लहान' ओढून आणून सोडा, टाइप करू नका.

सेतूवाला

नको. फोल्डरचं नाव बदलून नुसतं एल केलं, इंग्रजी एल. एकोणचाळीस निघाले, एक आलाच नाही. त्याचं काय?

धुऱ्यावरचा

त्याचा शेवट मोठ्या लिपीत असेल, मोग्रिफायच्या ओळीतच सुटला. बघा.

सेतूवाला

आहे.