समन्स बजावणी होत नाहीये, प्रतिवादी गावातच आहे! मदत हवी आहे

शेडवाला:
बेदाण्याच्या शेडचं काम करून दिलं होतं, अँगल, जाळी, वेल्डिंग सगळं माझं. १ लाख ३५ हजार राहिले म्हणून दावा टाकला. समन्स दोनदा परत आलं, बेलीफ (कोर्टाचा समन्स पोचवणारा माणूस) म्हणतो माणूस मिळत नाही. अहो तो रोज सकाळी सातला डेअरीवर दूध घालतोय, काल माझ्या शेजारी उभा राहून फॅटची पावती घेतली त्यानं आणि कोर्टाच्या कागदावर तो मिळून येत नाही! वकील फोन उचलेनात. तारीख १८ ला आहे, काय करू लवकर सांगा.

मिरजकर:
दादा, चेक आहे का? असेल तर १३८ (चेक न वटल्याची केस) टाका. चेक परत गेल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे नाही दिले तर त्यानंतर एका महिन्याच्या आत फौजदारी. माझे तसेच वसूल झाले.

शेडवाला:
चेक नाही हो. बिलावर त्याची सही आहे. दावा दिवाणीच आहे.

जुना_कारकून:
आधी हे सांगा, बेलीफानं अहवालात नेमकं काय लिहिलंय? 'घर बंद', 'बाहेरगावी', 'घेण्यास नकार' या तिन्हीत फार फरक आहे. नकार असेल तर कोर्ट बजावणी झाली असंच धरतं. आणि अहवाल कोर्टात कधी परत आला? तिथून ७ दिवसांत नव्या समन्सचा अर्ज द्यावा लागतो, नाहीतर दावा फेटाळला जाऊ शकतो. १८ ची वाट बघत बसू नका.

कृष्णाकाठ:
एवढं कशाला, व्हॉट्सॲपवर पाठवा. २०१८ ला मुंबई हायकोर्टानं निळ्या टिका बघून नोटीस मिळाली असं धरलं होतं.

जुना_कारकून:
ते प्रकरण हुकूमनाम्याच्या (म्हणजे आधीच झालेल्या निकालाच्या) अंमलबजावणीचं होतं आणि तो माणूस टाळत होता हे दिसत होतं. यांनी आपल्या मनानं पीडीएफ पाठवली तर ती बजावणी होत नाही. कोर्टाची परवानगी घ्या, मग वादीला स्वतः समन्स नेऊन देता येतं.

मिरजकर:
मग दारावर चिकटवायला लावा, पेपरात जाहीर नोटीस द्या आणि तो आला नाही तर एकतर्फी निकाल घ्या. विषय संपला.

द्राक्षबाग:
शेडवाले, जाळी कुठल्या गेजची वापरली? आमच्या शेडची तीन वर्षांत फाटली. आणि यंदा तासगावच्या सौद्यात हिरव्या बेदाण्याला दर काय लागला?

शेडवाला:
भाऊ ते नंतर सांगतो. आत्ता अहवालाची नक्कल काढून आणली, 'घर कुलूपबंद, शेजाऱ्यांनी सांगितले इथे राहत नाही' असं आहे. तारीख परवाची. ते घर बंदच असतं, दोन वर्षांपासून सगळे मळ्यातल्या वस्तीवर राहतात, गावात सगळ्यांना माहीत आहे.

जुना_कारकून:
अहो मग दाव्यात पत्ता कुठला घातलाय?

शेडवाला:
गावठाणातलाच. बिलावर तोच होता.

जुना_कारकून:
इथंच अडलंय सगळं. बेलीफ बाहेरचा माणूस, त्याला वस्ती कोण दाखवणार. मिरजकर, तुम्ही म्हणता तसं त्या कुलपावर चिकटवून एकतर्फी घेतलं तर उद्या तो म्हणेल मी तिथं राहतच नव्हतो, मला कळलंच नाही, आणि हुकूमनामा रद्द करून मागेल. यांची दोन वर्षं पाण्यात.

मिरजकर:
वस्तीचं माहीत असतं तर मीही तसं बोललो नसतो. पण तिथूनही पळाला तर चिकटवणंच येणार ना?

जुना_कारकून:
हो, पण राहत्या दारावर. शेडवाले, उद्याच पत्ता दुरुस्तीचा आणि नव्या समन्सचा अर्ज द्या, प्रोसेस फी (समन्स पाठवायची कोर्टाची फी) भरा. पत्त्यात गट नंबर, कॅनॉलच्या कुठल्या बाजूला, कुणाच्या विहिरीजवळ, सगळं लिहा. बेलीफाबरोबर ओळख दाखवायला स्वतः जा. आणि तो नसला, लगेच यायची शक्यताही नसली, तर घरातल्या कुठल्याही सज्ञान माणसानं घेतलं तरी चालतं. गडी मात्र चालत नाही.

शेडवाला:
त्याची आई आणि बायको दिवसभर वस्तीवरच असतात. म्हातारीनं काम चालू असताना रोज चहा दिलाय मला, तिच्या हातात कागद द्यायचा म्हणजे जीवावर येतंय. पण माझ्याकडच्या दोन पोरांचा पगार अडकलाय. गट नंबर सातबाऱ्यावरून काढतो, सकाळी अकराला कोर्टात असेन. अर्जावर वकिलांचीच सही लागते का माझी चालेल?